करंगळीतलं झाकण

शेवटच्या संध्याकाळी सुमन झोपेतच होती. नर्स म्हणाली, हाक मारून बघा, कदाचित डोळे उघडतील. मी पुष्कळ हाका मारल्या... जागेपणाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेली माझी बायको काही जागी झाली नाही. त्याला महिना होऊन गेला. सुरतेत, उधन्याच्या आमच्या घरात मी आता एकटाच असतो आणि मला ते अजिबात जमत नाही.

सगळी सुरत साड्या विणते आणि ही बाई उंदराच्या पिल्लांचा मेंदू वाढवते, असं मी तिला चिडवायचो. मेंदूचे पातळ काप ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या नळ्यांमध्ये, उबेत जिवंत ठेवायला धडपडायची. त्यातल्या मोजक्याच पेशी हिस्टामिन तयार करतात. "सर्दीच्या गोळीने झोप येते ना? ती गोळी यांचंच काम अडवते. सगळ्या मेंदूला जागं ठेवायला एवढ्याशाच आहेत बिचाऱ्या," ती सांगायची. नळीतला पोषक द्रव बदलताना झाकण टेबलावर ठेवायचं नाही, करंगळीत धरायचं; आणि नळी उघडी असेपर्यंत बोलायचं नाही, श्वासातूनही जंतू जातात. ही शिस्त घरीही आली. लोणच्याची बरणी उघडली की झाकण करंगळीत आणि तोंड बंद. मी मुद्दाम तेव्हाच काहीतरी विचारायचो. ती नुसती डोळे वटारायची.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी होऊ लागली. सुमन उंदरांवर काम करते म्हणून शेजारणी तिला पाहून दार लावून घेत. धुळ्याला निघालेल्या माझ्या आईने तिलाही बरोबर न्यायला तिचा हात धरला. "गाव खाली व्हई गयं, तू कसाले ऱ्हास आठे?"

"आई, मी गेले तर ते उपाशी मरतील."

इतकी वर्षं तिचे काप दरवेळी मरत आले होते. या खेपेला पहिल्यांदाच तगले होते. मी आईला गाडीत बसवलं आणि परत आलो.

प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. रस्त्यावर रिक्षासुद्धा नव्हती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहायचो. एकदा, नळी उघडी असताना, ती अचानक म्हणाली, "तुम्ही थांबलात, बरं वाटलं." मी दचकलोच. त्या नळीत पुढे बुरशी आली. ती टाकून देताना मी हळहळलो, तर म्हणाली, "जाऊ द्या. बोलायचं होतं." बाकीच्या तगल्या. दिवाळीनंतर तिने मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं... रंग लावल्यावर काळोखात हिरव्या चमकणाऱ्या, हिस्टामिनवाल्या त्या चार-दोन पेशी, एकमेकींपासून लांब लांब. त्या दिवशी ती फार आनंदात होती.

काल जेवताना लोणच्याची बरणी उघडली, तर झाकण माझ्या करंगळीत. कधी धरलं, कळलं नाही. बरणी तशीच उघडी ठेवून मी बोलायला लागलो. आईचा फोन आला होता, नळाला पाणी नव्हतं... बराच वेळ बोललो. डोळे वटारायला कुणी नव्हतं.