रेतीगावातलं नवं

माझा मामा दरवर्षी धान पिकायच्या दिवसांत भात खाणं बंद करायचा. आठ वर्षं तो दूरदेशी वाळवंटातल्या एका कामगार कॅम्पवर वेल्डर होता, पण तिथंही त्यानं हे सोडलं नाही. आमच्या लोकांत नवं धान आधी घरच्या पेनाला, म्हणजे आमच्या देवाला, आणि पूर्वजांना दाखवतात. त्यालाच आम्ही 'नवं' म्हणतो. ते झाल्याशिवाय घरातलं कोणी नव्या तांदळाचा घास घेत नाही. मामाच्या कॅम्पच्या मेसमधला तांदूळ कुठल्या देशाचा, कुठल्या सालचा, कुणाला ठाऊक? म्हणून चामोर्शीजवळच्या आमच्या गावी आजोबांनी नवं केल्याचा फोन जाईपर्यंत तो खुबूस नावाची तिथली रोटी खाऊन राहायचा. "नवं झालं का?" हा त्याचा पहिला प्रश्न. झालं म्हटलं की त्याच्या खोलीतले बिहारी, केरळी, नेपाळी सोबती मागून थाळ्या वाजवायचे.

गावात त्याला सगळे दुबईवाला म्हणायचे. त्याचा त्याला राग यायचा. "दुबईत लोक फिराले जातात. मी रेतीगावात राह्यतो," असं तो म्हणायचा. विमानतळापासून नऊ तास बस, मग कॅम्प. सकाळी झाडलेला रस्ता दुपारी पुन्हा वाळूखाली. त्या भागात एकच कडुलिंब होता, टँकरच्या पाण्यावर जगणारा. शुक्रवारी सुट्टीत मामा त्याच्याखाली तासभर बसायचा आणि आम्हाला फोनवर सांगायचा, जंगल पाहून आलो.

त्याचा सुपरवायझर आपल्याच देशातला होता. तो मामाला सगळ्यांसमोर 'जंगली' म्हणायचा. मामानं त्याला एकदा ऐकवलं होतं, "हो, जंगली हाव. आमी पाणी पाहून मुक्काम करतो. तुमी एसी पाहून करता." स्वतः मामाला एसी सोसायचा नाही. तो बंद करण्यावरून खोलीत रोज भांडण व्हायचं.

मी चंद्रपूरला कॉलेजात गेले त्याच वर्षी आजोबा वारले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझं हॉस्टेल मामाच्या नोकरीवर चालायचं. मामा पंधरा दिवसांसाठी आला. मामाचं लग्न झालेलं नव्हतं आणि आई लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, म्हणून तिला त्या पेनापुढे बसता येत नव्हतं. नवं करायला मामाच उरला होता आणि धान पिकेल तेव्हा त्याला पुन्हा सुट्टी मिळणार नव्हती. आईनं समजावलं की या वर्षी राहू दे, तिकडं वाळूत कोण बघतं.

"मी पाह्यतो ना," मामा म्हणाला. जाताना त्यानं दुपट्ट्याच्या टोकात मूठभर हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान बांधलं.

तिकडं उन्हाळा ओसरल्यावर त्यानं प्लॅस्टिकचा ड्रम कापला, खोदकामातली माती आणून चिखल केला आणि खोलीमागं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावली. पाणी कुठलं, तर एसीच्या नळीतून ठिबकणारं. ज्या एसीला तो शिव्या द्यायचा, तो आता कुणी बंद केला तर भांडायचा. मला ड्रमचा फोटो पाठवून म्हणाला, ही आपली बांधी. आमच्याकडं धानाच्या बांधलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात.

धान पोटरीत आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा कॅम्पच्या मॅनेजरनं हुकूम काढला. चिखल होतो, डास होतात, दोन दिवसांत काढा, नाहीतर करार वाढणार नाही. मामा हे फोनवर हसत सांगत होता. मला हसता आलं नाही.

"उपटून टाक ना मामा," मी म्हटलं. "माह्या कॉलेजचं काय होईन?"

तो म्हणाला, "बाई, आठ वर्षं त्यायनं सांगतलं तसं उठलो, तसं बसलो. एवढं एक नाई ऐकत."

तेच त्यानं मॅनेजरलाही सांगितलं. करार वाढला नाही. पण तो संपायच्या आधी लोंब्या भरल्या. दोन मुठी तांदूळ निघाला. त्या कडुलिंबाखाली त्यानं नवं केलं, आजोबांचं नाव घेतलं आणि खोलीतल्या प्रत्येकाला घासभर भात दिला. स्वतः त्यानं चार महिन्यांत पहिल्यांदा भात खाल्ला.

परत येऊन तो चंद्रपूरजवळ घुग्घुसला सिमेंटच्या कामावर लागला. मी हॉस्टेल सोडलं, त्याच्या एका खोलीत राहिले आणि रोज बसनं कॉलेजला गेले. संध्याकाळी कपडे झटकत तो म्हणायचा, "रेतीगाव मांगं मांगं आलं." मी तेव्हा फोनवर काय बोलले होते, ते त्यानं एकदाही काढलं नाही. म्हणून ते मला जास्त लागायचं.

गेल्या महिन्यात तो पुन्हा गेला. कंपनी दुसरी, वाळू तीच, फक्त अजून आत. चंद्रपूर स्टेशनवर मी पाहिलं, दुपट्ट्याचं टोक मोकळं होतं. विचारलं तर म्हणाला, "या वर्षी नाई नेत. तुहं शेवटचं वर्ष आहे."

आईकडून मागून आणलेलं मूठभर धान माझ्या पिशवीत होतं. मी ते त्याच्या दुपट्ट्याच्या टोकात बांधलं. गाठ नीट बसेना. त्यानं मला ती दोनदा बांधू दिली.

"कोणी उपटाले सांगतलं तं?" त्यानं विचारलं.

"मी सांगतलं तरी नको उपटू."