माझाच अमोनिया

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एमएस्सीला बसले ती रागापोटी. इनऑरगॅनिक केमिस्ट्री घेतली तीही रागापोटीच, कारण राग होता तो ती शिकवणाऱ्या सरांवरच.

त्याआधी मी त्यांच्या कॉलेजला काचसामान आणि रसायनं पुरवायचे. ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे माझं गोडाऊन आहे. बीएस्सी झाल्यावर ब्युरेटच्या काचनळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवी खांद्याला लावून मी ठाण्यापासून कल्याणपर्यंतची कॉलेजं पायी फिरले, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. भाव करताना मी हार मानत नाही. एकदा सर म्हणाले, "बाई, तुमचा अमोनिया उतरलेला निघाला, जोरच नाही त्यात. मुलांचे प्रयोग फसतायत."

मी म्हटलं, "शिकवण्यानेही फसत असतील."

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही बाटल्या पोचवा. केमिस्ट्री आमच्याकडे राहू दे."

चलनवही त्यांच्या टेबलावर आपटून मी निघाले. त्यांनी पुरवठादार बदलला आणि पुढच्या वर्षी मी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले.

दोन वर्षं ते वाक्य मी जपलं. डोंबिवलीच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत ग्रुप थिअरीचे तक्ते पाठ केले. सरांनी कधी ओळख दाखवली नाही आणि कधी उगाच माझा मार्कही कापला नाही. त्याचाही राग यायचा.

शेवटच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला मला सोपी चिठ्ठी आली. निकेल क्लोराइडच्या हिरव्या द्रावणात तीव्र अमोनिया ओतायचा. आधी हिरवट गाळ येतो, मग तो विरघळून द्रावण निळं होतं आणि बर्फात ठेवलं की जांभळे स्फटिक बसतात. यात नापास झाले असते तर सरांचं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं.

माझं निळं होईना. शेजारच्या बाकावर दिवा स्टेशनहून येणारी एक मुलगी होती. तिने मान लांब केली.

"काकू, अजून हिरवंच?"

"तू तुझं बघ."

"माझं गाळून झालं. ओता ना अजून. दुकानातल्यासारखं मापून काय ओतताय?"

ओतला. गाळ तसाच, दह्यासारखा. माझ्या बाकावरची बाटली हाताने वारा घेत हुंगली, वास तर झणझणीत. मग ती फिरवली आणि मागच्या बाजूला माझ्याच दुकानाचं लेबल दिसलं.

सगळं आठवलं. त्या शेवटच्या ऑर्डरला सरांनी भाव इतका पाडला होता की मी संतापून गोडाऊनच्या तापलेल्या पत्र्याखाली, वरच्या फळीवर अख्खा उन्हाळा काढलेल्या बाटल्या दिल्या होत्या. आमच्या धंद्यात अमोनियाची परीक्षा नाकाने होते. बूच काढल्यावर गिऱ्हाईक मागे सरकलं की माल पास. जोर गेला तरी वास बराच काळ टिकतो, हे मला माहीत होतं.

लॅबमधल्या मामांकडे मी दुसरी बाटली मागितली. ते म्हणाले, "ताई, परीक्षेत बाटली बदलायची तर सरांना कारण सांगावं लागेल."

सर आले. दोन वर्षांत कुठलाही अमोनिया उतरतो, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"अमोनिया उतरलाय, सर."

"कोणाचा?"

मी लेबल त्यांच्याकडे केलं. "माझा. दिला तेव्हाच उतरलेला होता."

ते हसले नाहीत. "पहिल्यापासून करा. वेळ वाढवून मिळणार नाही."

"वीस मिनिटं द्या."

"दहा."

"दहा, पण बर्फ मामा आणून देणार."

"चालेल."

नव्या पुरवठादाराची बाटली उघडल्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. गाळ आला, विरघळला, द्रावण निळंशार झालं. बर्फात बीकर ठेवून मी स्टुलावर बसले आणि सकाळपासून पाठ ताठ धरली होती ते तेव्हा कळलं. थोड्या वेळाने तळाशी जांभळी बारीक वाळू जमली. ती मुलगी म्हणाली, "काकू, आता श्वास घ्या."

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "रंग का बदलला?"

"निकेलभोवती पाण्याच्या जागी अमोनिया बसला. त्याचा जोर पाण्यापेक्षा जास्त, म्हणून निकेलच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधलं अंतर वाढतं आणि वेगळा प्रकाश शोषला जातो."

"आणि कमी पडला तर?"

"तर हायड्रॉक्साइडचा गाळ राहतो. तुमच्या मुलांचा राहायचा तसा."

ते मान खाली घालून लिहीत राहिले. मी पास झाले.

दुसऱ्या दिवशी, लॅबमध्ये माझ्या जुन्या जितक्या बाटल्या उरल्या होत्या तितक्या ताज्या मी नेऊन दिल्या आणि चलनावर सरांची सही घेतली. केमिस्ट्री आमच्याकडे राहू दे, म्हणाले त्याचा राग अजून आहे. पण खोपटला परत येताना किती दिवसांनी मोकळं वाटलं. गोडाऊनमध्ये शिरल्या शिरल्या मी पत्र्याखालच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली गारव्याला आणल्या.