ओढ्याकडचं रान

डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हापासून चंदनबाला आणि लीलाबाई रोज संध्याकाळी पाणंदीनं फिरायला जातात. चंदनबाला जैनांच्या घरातली, तिचं जेवण दिवस असतानाच उरकलेलं असतं. लीलाबाईला मात्र घरी परतून भाकरी थापायच्या असतात. तिला वाटेत भूक लागते आणि ती विसरायला ती मैत्रिणीला काहीबाही विचारत राहते.

"चंदना, ह्यो चंद्र आपल्यासंगं का चालतोय गं?"

"चालत न्हाई, तसं वाटतं. जवळचं झाड मागं पडतं, लांबचा डोंगर पडत न्हाई. चंद्र तर लयच लांब."

"मला वाटलं, त्यालाबी शुगर निघाली."

चंदनबाला बारावीपर्यंत शास्त्र शाखेला होती. मग लग्न होऊन वाळवा तालुक्यात आली. पुस्तकं माहेरी राहिली, प्रश्न बरोबर आले. दुपारची भांडी झाली की ती मोबाइलवर शास्त्राचे व्हिडिओ बघते. पापड तेलात का फुलतो, माठातलं पाणी गार का होतं, हे तिला सांगता येतं आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवरा जयपाल इस्लामपुरात बियाण्यांचं दुकान चालवतो. रान ती बघते.

त्या रानाचंच दुखणं होतं. ओढ्याकडच्या तुकड्यात ऊस गुडघ्याच्या वर येईना. वाफ्यात पांढरं फुटलं, पिठाचा हात फिरवल्यासारखं. आमच्याकडं यावर सगळ्यांचा एकच उपाय: मीठ आहे ना, मग पाण्यानं धुऊन काढायचं. चंदनबालानंही पाट मोकळा सोडला. पुढच्या उन्हाळ्यात पांढरं दुप्पट झालं.

ते का झालं, हे तिला बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, देवापुढं निरांजन लावताना उमगलं. तेल खाली असतं, जळतं मात्र वातीच्या टोकाला. कुणी वर ढकलत नाही, तरी चढतं. रानातही तेच चाललं होतं. जास्तीचं पाणी खाली साचायचं, मातीतून वर चढायचं, उन्हानं उडून जायचं आणि मीठ तेवढं वर ठेवायचं. म्हणजे इतके दिवस ती मीठ धूत नव्हती, वर बोलावत होती.

उपाय होता. जमिनीखाली भोकांचा पाईप पुरायचा आणि साचलेलं खारं पाणी ओढ्यात सोडायचं. पण तिच्या रानाच्या आणि ओढ्याच्या मध्ये लीलाबाईचं रान होतं. ते तिच्या माहेरकडून आलेलं, तिच्याच नावावर. नवरा नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन आलेला, तोही म्हणायचा, "त्या रानाची ऑर्डर आमच्याकडं न्हाई."

चंदनबालानं विचारलं तेव्हा लीलाबाई चालायची थांबली.

"तुझ्या रानातलं मीठ माझ्या रानात? दुसरं कायबी माग."

"तुझ्या रानात न्हाई गं, रानाखालनं जाणार."

"खालचं वर चढतं, असं तूच म्हणालीस की!"

घरी जयपालनं सांगून टाकलं, "पावसाच्या आत काम झालं तर ठीक. न्हाईतर वीटभट्टीवाला माती मागतोय, देऊन टाकू." वरची माती गेली की खाली खड्डा राहतो. त्यात पुन्हा रान होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "पावसाच्या आत करते."

दुसऱ्या दिवशी तिनं दोन कुंड्यांत आपल्या रानातली माती भरली. एकीचं बूड सिमेंटनं बुजवलं, दुसरीचं भोक तसंच ठेवलं आणि दोन्ही लीलाबाईच्याच अंगणात मांडल्या.

"तुळशीला घालतीस तसं ह्यांनाबी पाणी घाल. बुजवलेलीत पांढरं फुटंल, दुसरीत न्हाई."

लीलाबाईनं इमानदारीनं पाणी घातलं. काही दिवसांनी दोन्ही कुंड्या सारख्याच पांढऱ्या झाल्या.

"बघ, तुझं सायन्स माझ्या दारात फसलं," लीलाबाई खुशीत होती. "आता चहा घे."

चंदनबालानं चहा घेतला नाही. भोकाची कुंडी उचलून तिनं फरशीवर पालथी केली. भोक चिखलानं गच्च बसलं होतं.

"अगं, खापरी घातली न्हाईस?" लीलाबाई पुढं वाकली. "तुळस लावताना भोकावर खापरी ठेवायची, वर बारीक खडी, मग माती. एवढं कळंना तुला?" तिनं भोकातला चिखल बोटानं उकरला. मग म्हणाली, "पाईपच्या भोवतीनं खडी टाकणार हायस, का अशीच चिखलात पुरणार?"

"माहितगारानं खडी सांगितली होती. पण आमच्या घरात ठरलं, खर्च वाचवायला नुसता पाईप पुरू."

"मग बुजू दे तुझा पाईप."

"खडी टाकीनच आता. चल, माती भर परत."

कुंडी पुन्हा भरली, या वेळी खापरी आणि खडी घालून. खाली ताटली ठेवली. ताटलीत पाणी झिरपू लागल्यावर लीलाबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. हळूहळू त्या कुंडीतली माती काळी दिसू लागली. शेजारची पांढरीच राहिली.

एका संध्याकाळी पाणंदीनं जाताना लीलाबाई आपल्या रानाकडं वळली. ओढ्याजवळच्या कोपऱ्यात उसाच्या पाचटाचा थर होता. तिनं पायानं पाचट बाजूला सारलं. खाली जमीन पांढरी होती.

"कवापासनं?" चंदनबालानं विचारलं.

"दोन वर्सं झाली. सुभेदारालाबी दावलं न्हाई. रान माझं, खराब झालं तर नाव माझंच."

"आणि मला न्हाई म्हणत हुतीस!"

"तुझं मीठ नको म्हणत हुते. माझं हायच की." तिनं पदर खोचला. "माझ्या रानातनं बिनभोकाचा बंद पाईप घाल. पण ह्या कोपऱ्यात भोकाचा. आणि खडी माझ्या डोळ्यांदेखत पडली पाहिजे."

चर खणताना दोघी बांधावर उन्हात उभ्या राहिल्या. खडी कमी पडली की लीलाबाई मशीनवाल्याला थांबवायची. वळवाचा एक पाऊस झाला आणि पाईपच्या तोंडातून ओढ्यात बारीक धार लागली. वीटभट्टीवाला पुन्हा दुकानात आला, तेव्हा जयपालनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

यंदा त्या रानात ऊस लावायचा नाही, असं चंदनबालानं ठरवलंय. खतासाठी ताग पेरून मातीत गाडायचा आणि पाणी मोजकंच द्यायचं. पुढच्या साली ऊस कसा येईल, कुणी विचारलं तर ती सांगते, "ठाऊक न्हाई. पण माती हितंच राहील."