लांबून कळलं पाहिजे

युनियनच्या सेक्रेटरींनी प्लास्टिकच्या पिशवीतून पांढरी जाळीची टोपी काढली आणि माझ्यापुढे धरली. नवी कोरी. किमतीची चिठ्ठी अजून तिला लटकत होती.

"घाला, कॉम्रेड. लांबून कळलं पाहिजे."

बोईसरला सलोखा सभेचं स्टेज बांधून झालं होतं. समोर खुर्च्या भरत होत्या. मी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. अकरा वर्षं मी या लाल बावट्याच्या युनियनमध्ये आहे. रंगाच्या कारखान्यात ड्रम धुतो. बोटांची सालटी निघालीत. संपात गेटवर बसलो, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तेव्हा मी कोण हे कुणाला लांबून कळायची गरज पडली नव्हती. टोपी मी ईदला घालतो, मयतीला घालतो. सेक्रेटरींना हे माहीत होतं. माझ्या घरी जेवलेत ते, एकदा नाही, चार वेळा.

मराठीत टोपी घालणं म्हणजे काय, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. माझी मायबोली तीच. घरात आम्ही मराठीतच भांडतो. आपण काय बोललो, हे त्या शिकलेल्या माणसाच्या लक्षातही आलं नाही, आणि मला रडू यायला लागलं.

सभा कशासाठी होती, ते सांगतो.

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. गावाचं नाव घेत नाही. आमच्या मोहल्ल्याने दरवेळी लाल बावट्याच्या पॅनेललाच मतं दिली होती. मागणी एकच, कब्रस्तानाला भिंत. गुरं शिरतात, कुत्री शिरतात. "पुढच्या वेळी नक्की," असं पॅनेलने दोनदा सांगितलं. या वेळी मोहल्ल्याने स्वतःची बाई उभी केली. ती पडली. आमचं पॅनेल जिंकलं.

होय, मी 'आमचं' म्हणतो. मी विजयाच्या मिरवणुकीत होतो. टेम्पोवर उभा, माइक माझ्या हातात. माझा आवाज मोठा, म्हणून घोषणा द्यायचं काम नेहमी माझ्याकडे. मिरवणूक मुद्दाम मोहल्ल्यातून वळवली. मला ते समजलं होतं. मी बोललो नाही. दारात उभ्या बायकांच्या अंगावर गुलाल उडाला. "आता कुठं गेली तुमची बाई?" असं कुणी ओरडलं. मग एका गच्चीवरून दगड आला. आधी दगडच आला, ते मी झाकणार नाही.

आमच्या पोरांनी काठ्यांवरून झेंडे ओढून काढले. झेंडे टेम्पोत माझ्या पायाशी टाकले, काठ्या हातात ठेवल्या.

माझा मोठा भाऊ अन्वरभाई बायकांना घरात ढकलत होता. वायरिंगची कामं करतो तो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. वसंताने त्याच्या उजव्या मनगटावर काठी घातली. वसंता माझ्याच पाळीत काम करतो, त्याचा आणि माझा डबा एका पेपरवर उघडतो. मी वरून स्पष्ट बघितलं. भाई खाली बसला. आणि माझ्या तोंडात अर्धी घोषणा होती, ती मी पुरी केली. का केली, माहीत नाही. सवय म्हणा. लाज वाटते.

दवाखान्यात भाईने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माइक तुज्या हातात व्हता. थांबा, एवडंच म्हनायचं व्हतं."

त्याने पोलिसात तक्रार दिली. मारणाऱ्याचं नाव नाही, गर्दीत त्याला दिसलंच नव्हतं. साक्षीला कुणी पुढे येईना. मोहल्ल्यातले घाबरलेले. मिरवणुकीतले गप्प. मीही गप्प होतो, पंधरा दिवस.

मग ही सभा निघाली. मी टोपी घालून स्टेजवर बसायचं, बाहेरच्या पोरांनी गोंधळ घातला असं बोलायचं, आणि भाईला तक्रार मागे घ्यायला लावायचं. एवढं काम होतं माझ्याकडे.

बाजूला सोमीताई उभी होती. डोंगराकडच्या पाड्यातली, शेतमजुरांच्या मोर्च्यात पुढे असते. टोपी बघून हळूच म्हणाली, "मला पन लुगडं गुडघ्यावर नेसून ये सांगत्यात. घरी मी गाऊन घालते, दादा." हसली. मला हसता आलं नाही.

"मी नाय घालणार," मी सेक्रेटरींना म्हणालो.

"अहो, तुमच्याच लोकांसाठी चाललंय हे सगळं."

तुमचे लोक. अकरा वर्षांत हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आला. की आधीही येत होता, आणि मी ऐकत नव्हतो?

"माझे लोक कोन, सर? तुमीच शिकवलं, कामगार म्हनून."

त्यांनी घड्याळ बघितलं. टोपी घडी करून खिशात ठेवली. "ठीक आहे, दुसरं कुणी बघतो." दुसरं कुणी. माझी जागा भरायला त्यांना फक्त एक डोकं हवं होतं. मी स्टेजच्या मागून उतरलो आणि चालत निघालो. मागे दुसऱ्याच कुणाच्या आवाजात घोषणा सुरू झाल्या. चांगल्या घोषणा होत्या. माझा अजून त्यांच्यावर विश्वास आहे, दुःख त्याचंच आहे.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. भाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तो बोलला नसता. अजूनही बोलत नाही. मोहल्ल्यात मला गद्दार म्हणतात, युनियनमध्ये आता तेच म्हणतील.

"वसंताने मारलं," मी सांगितलं. "माझ्या डोळ्यांसमोर."

हवालदार लिहीत होता. "तुम्ही कुठे होता?"

"टेम्पोवर. माइक माझ्याकडे होता. भाऊ पडला तेव्हा मी घोषणा देत होतो. थांबवलं नाही."

त्याने पेन उचललं. "हे कशाला? तुम्हीच अडकाल. साक्षीपुरतं सांगा."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचला. वसंता होता, काठी होती, मनगट होतं. मी नव्हतो.

कागद मी परत त्याच्यापुढे सरकवला.

"ते पण लिहा. त्याशिवाय सही करणार नाय."