आप्पांचा जागल्या

"कोन तू? कोनना?" हा आप्पांचा पहिला प्रश्न. समोर कुरिअरवाला असो, कोणाचा नवा जावई असो की मतं मागायला आलेला पुढारी. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून आधी कूळ विचारायचे, मग पाणी. तुमच्याही गल्लीत असे एक आप्पा असतीलच. शहाद्याच्या आमच्या कॉलनीत हे होते, माझ्या भिंतीला भिंत लागून.

इतकी चौकशी करणाऱ्याच्या घराला भलं मोठं कुलूप असेल असं तुम्हाला वाटेल. छे! दार सताड उघडं, शेजाऱ्यांच्या शेळ्यासुद्धा ओट्यावर. पण कॉम्प्युटर आला आणि आप्पांना एकाएकी चोरांची भीती वाटू लागली.

कॉम्प्युटर म्हणे केळीचे भाव बघायला घेतला होता. भाव बघायला कॅमेरा कशाला लागतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मनाविरुद्ध लग्न करून परदेशी गेलेल्या लेकीशी आप्पांचा कित्येक वर्षं अबोला होता. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कॉम्प्युटरवर येते, असा तिचा निरोप तिच्या आईकडे, आमच्या काकूंकडे, आला होता. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येतेच, मग ती कुठूनही येवो.

मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, या गुन्ह्याबद्दल फायरवॉल निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आत कोण येतं, बाहेर कोण जातं यावर तो लक्ष ठेवतो, असं मी समजावलं.

"म्हंजे जागल्या!" आप्पा म्हणाले. केळीच्या बागेवर ते राखणीला जागल्या ठेवत. पुढची निवड त्याच रीतीने झाली.

"कॉम्प्युटरसोबत एक आलेला आहेच, आप्पा. पुरेसा आहे."

"तो कॉम्प्युटर इकनाराना मानूस. त्यानावर कसा भरोसा ठेवू?"

"दुसरा फुकट मिळतो."

"पगार लेस नही? मंग खाई काय? मन्ह्याच केळी ना?"

तिसरा वर्षाचा पगार घेणारा होता. तो पसंत पडला, पण घोडं अडलं. "याना जामीन कोन?" ओळखीचा माणूस जामीन राहिल्याशिवाय आप्पा जागल्याला बागेत पाऊल ठेवू देत नसत. तेव्हा मी, एम. एस्सी. झालेला माणूस, एका सॉफ्टवेअरला जामीन राहिलो.

हा जागल्या फारच आज्ञाधारक निघाला. कुठलाही नवा प्रोग्राम हलला की खिडकी उघडून विचारायचा, जाऊ देऊ का? हिरवं बटण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. खिडकीतलं इंग्रजी आप्पांना वाचता येत नव्हतं. पण नाही म्हणायला वाचावं कुठे लागतं? संध्याकाळी ओट्यावर बसून ते मिरवायचे, "आज बी एक हाकली दिना."

आखाजीला आप्पा इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच पडद्यासमोर बसले. अर्थात भाव बघायला. काकूंनी सांजोऱ्यांचं ताट कॅमेऱ्याला दिसेल असं मांडलं. दुपार झाली तरी स्पीकर गप्प.

"नही उनी पोर," आप्पा म्हणाले. "बापवर गयी. हट्टी शे." आवाजात मात्र हट्ट उरला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मी जागल्याला उघडून पाहिलं. ज्या प्रोग्रामवरून ती बोलणार होती, तोच आप्पांनी लाल बटण दाबून बंद केला होता. लेक सकाळपासून दार वाजवत होती आणि यांचाच पगारी जागल्या हुकुमाप्रमाणे तिला अडवून उभा होता.

"आप्पा, तुम्हीच हाकललंत तिला."

त्यांचा चेहरा उतरला. "मी इचारंच नही रे भाऊ," ते म्हणाले, "कोन शे, कोननी शे, काहीच इचारं नही."

मी हिरवं बटण दाबलं. थोड्या वेळाने घंटी वाजली आणि पडदाभर लेकीचा रडवेला चेहरा आला. सवयीने आप्पांचा चष्मा कपाळावर गेला.

"कोन तू? कोननी?"

"तुन्हीच शे, आप्पा."

आप्पांनी चष्मा काढून ठेवला. मी निमूट घरी आलो.

त्या थंडीत आप्पा गेले. यंदाच्या आखाजीला लेक खरोखरची आली. दार नेहमीसारखं उघडंच होतं. बॅग ओट्यावर ठेवून ती उंबऱ्याशी थांबली. मीही माझ्या अंगणात थांबलो.

कोणीच काही विचारलं नाही.