एकाच ताटातली चरबी

त्या दिवसांत दारातून आधी माझं पोट आत यायचं आणि मागून मी. हातपाय मात्र काड्या. मागून बघणाऱ्याला मी उपाशी वाटायचो, पुढून बघणाऱ्याला सावकार.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी आणि माझा थोरला भाऊ धुळ्याकडून सुरतेला आलेलो, तिथल्या उधना भागात एकाच खात्यात मास्तर होतो. खातं म्हणजे मागांचा कारखाना, आणि मास्तर म्हणजे अडलेला माग उघडून चालू करून देणारा. राहायचो एका घरात, जेवायचो एका ताटात. तीच भाकरी, तीच डाळ. पण माझं सगळं पोटावर जमायचं आणि भावाचं कमरेखाली. त्याचं पोट सपाट, बसायला मात्र खुर्ची कमी पडायची. वहिनी म्हणायची, देवाने एक जाड माणूस करायला घेतला आणि मधेच दोघांत वाटून टाकला.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण शेठने त्याच जागेत आणखी आठ माग बसवायचं ठरवलं. मधल्या गल्ल्या अरुंद होणार होत्या. आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्याने सांगितलं की दिवाळीनंतर जो गल्लीतून निघेल तोच मास्तर, दुसऱ्याने गेटवर वॉचमनचं काम बघावं. तेव्हापासून भाऊ आणि मी ताटातली शेवटची भाकरी एकमेकांकडे सरकवायला लागलो.

शेजारच्या काकींनी निदान केलं की माझी पेचोटी सरकली आहे, म्हणजे बेंबी जागेवरून हलली आहे. दोऱ्याने बेंबीपासून छातीपर्यंत दोन्हीकडे मापायचं. अंतर सारखं नसेल तर पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून पडून राहायचं. बायकोने रोज सकाळी मापायला सुरुवात केली. बेंबी एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. आठ दिवस मी अंगठा बांधून छताकडे बघत होतो. नवव्या दिवशी दोरा हातात घेतला, तर तो मीच खात्यातून आणलेला क्रिंपचा धागा. ओढाल तेवढा लांबणारा. दिवसभर तोच धागा हाताळणाऱ्या मास्तराला हे कळायला आठ दिवस लागले, हे भावाने पुढे सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

मग डॉक्टर. ते गुजराती, पण निम्मे पेशंट आमच्याकडचे असल्याने मराठी छान बोलायचे. जेवतोस कसा, त्यांनी विचारलं. उभ्याने, दहा मिनिटांत, एक डोळा मागावर, मी सांगितलं. मग मी विचारलं की दोघांचं खाणं एक, तर चरबीचे पत्ते दोन कसे?

ते म्हणाले, "पोटात नसांचं मोठं जाळं असतं. आत काय आलं, किती आलं, याची खबर त्या नसा मेंदूला देत असतात. चरबी कुठे ठेवायची, यातही त्यांचं काहीतरी चालत असेल. पण खरं सांगू? मला नक्की ठाऊक नाही."

डॉक्टर 'ठाऊक नाही' म्हणाला आणि मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे हा माझाच आळशीपणा नव्हता, आतही कुणी कारभारी होता. आता या वयात वाचायला मिळतं की आतड्यांतल्या नसांचा यात खरंच हात असू शकतो, आणि त्यावर संशोधन चालू आहे. तेव्हा एवढंच कळलं की त्या नसांशी जरा सभ्यपणे वागावं. मी बसून, चावून जेवायला लागलो, घरी चालत जायला लागलो. दिवाळीपर्यंत पट्टा एक भोक आत गेला. गल्ली त्याहून जास्त आत आली होती.

दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमेला खातं उघडलं. शेठ स्वतः उभा. प्रत्येक मागाच्या पुढे एक गल्ली, मागे एक. पुढच्या गल्लीत मागाची फळी नेमकी पोटाच्या उंचीवर येते. मी तिसऱ्या मागापाशी अडकलो आणि दोन कारागिरांनी मला ओढून काढलं. भाऊ तिथून तिरपा होऊन सहज निघाला. पण मागच्या गल्लीत धागा गुंडाळलेले मोठे रूळ, म्हणजे बीम, खाली, मांडीपाशी पुढे आलेले असतात. तिथे भाऊ रुतला.

शेठने गेटकडे बघितलं. दोघांकडेही बघितलं.

भाऊ अडकल्या जागेवरूनच बोलला, घरात बोलतो तसा अहिराणीत. "तुनं पोट वर शे, मनं वजन खाले शे. तू मांगे जाय, मी पुढे ऱ्हास."

त्याला ओढून काढलं आणि मी मागच्या गल्लीत शिरलो. बारीक पाय बीमांमधून सरकले, पोट त्यांच्यावरून आरामात तरंगत गेलं. दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा शेठ हसत होता. "चालो, काम चालू करो," तो म्हणाला आणि ऑफिसात गेला.

सातवा माग अडला होता. भाऊ पुढून वाकला, मी मागून.

"पाना दे," मी म्हणालो.

ताणलेल्या धाग्यांवरून त्याचा हात माझ्यापर्यंत आला.