हरणाबाईंचं नागिणीचं औषध

पलूसच्या हरणाबाईंच्या औषधाला वर्षानुवर्षं कुणी नावं ठेवली नव्हती. कमरेवर फोडांचा पट्टा उठला, की लोक म्हणत नागीण झाली. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं, की माणूस दगावतो. मग हरणाबाईंकडे धाव. आईनं शिकवल्याप्रमाणे त्या दूर्वा नि तांदूळ वाटून लेप देत, कडेनं गेरूची रेघ ओढत.

त्रेचाळीस साली पलटणीतून रजेवर आलेला नानासो लेप लावून घेता घेता म्हणाला, "मावशी, आमचा डाक्टर म्हणतो, ही पंधरा दिसांत आपणहून जाती. मग गुण दूर्वांचा का दिसांचा?"

"तुज्या डाक्टरच्या कमरंला झाली हुती का?" हरणाबाईंनी फटकारलं. पण बोल मनाला लागला. औषध पोकळ असेल, तर इतकी वर्षं आपण लोकांना फसवलं की काय?

पुढच्या उन्हाळ्यात नागीण त्यांच्याच कमरेवर उठली. आग आग होत होती, तरी आता औषध पारखता येईल म्हणून त्यांना बरंच वाटलं. सुनेला, सुलाबाईला, त्यांनी बजावलं, "पोटाकडं मी लेप लावते. पाठीकडं तू नुसता गेरू लाव."

"आवं आत्याबाई, नागिणीसंगं कसला खेळ!"

"खेळ न्हाई. बगायचं हाय."

बाराव्या दिवशी दोन्हीकडे एकदमच खपली धरली. हरणाबाईंनी लेपाची वाटी बाजूला सारली. "म्हंजे आईचं औषध खोटंच की गं."

सुलाबाईला ते ऐकवेना. "गेरूत मी दूर्वांचा रस घालत हुते," ती रडतच म्हणाली. "तुमाला काय झालं असतं तर?"

"घातलंस सगळं पाण्यात! दोन्हीकडं दूर्वाच की मग," हरणाबाई करवादल्या.

महिन्याभरानं शेजारच्या गावचा आकाराम नागीण घेऊन आला. त्याला त्यांनी सगळं सांगून टाकलं. "अर्ध्याला लेप, अर्ध्याला गेरू. चालंल?"

आकारामनं बराच विचार केला. "तोंडाकडं लेप लावा. शेपटीचं तुमी बगा."

"तोंड कंच्या बाजूला हाय?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी पोटाकडे लेप लागला. सुलाबाईला त्यांनी माहेरी धाडलं.

तिसऱ्याच दिवशी लेपाकडची आग निवली. पाठीकडची आठवडाभर जळत राहिली. खपली मात्र दोन्हीकडे बरोबरच धरली.

"नागीण आपल्या पावलानं जाती रं," हरणाबाई म्हणाल्या. "माज्या पाल्यानं न्हवं."

"आवं, पण झोप लागली की मला!" आकाराम म्हणाला. "आता पाठीकडंबी लावा, तिकडं अजून खाजतंय."

हरणाबाई दूर्वा खुडायला उठल्या.